न हरवलेल्या देवीचा शोध

देवी हरवली आहे, असे एक मत अलीकडे शहरी मराठी मध्यमवर्गात रुजत चालले आहे. शिबिरांतून ते सांगितले जाते, मोबाइलवरच्या चित्रफितींतून पसरते आणि नवरात्र आले की त्याला भरती येते. मत थोडक्यात असे: फार पूर्वी सगळा मानवसमाज आदिमातेला पुजत होता, तेव्हा बायांचे राज्य होते आणि जगात शांतता होती. मग पुरुषी देव आले, आई गाडली गेली आणि स्त्री स्वतःतली शक्ती विसरली. ती शक्ती आता जागी करायची. त्यासाठी ध्यान करायचे, नाचायचे, चंद्राच्या कलांप्रमाणे दिनक्रम पाळायचा आणि देवीच्या रूपांशी मनोमन एकरूप व्हायचे. एवढे साधले की बाई आतून पालटते आणि ती पालटली की घर, समाज, पृथ्वी सगळेच ओघाने सुधारते. या सगळ्याला ‘स्त्रीतत्त्वाचे पुनर्जागरण’ असे भारदस्त नाव आहे.

हे मत नागपूरच्या उत्तरेला खापरखेड्यात आणून ठेवले तर किती तग धरेल? खापरखेडा हे सावनेर तालुक्यातले वीज केंद्राचे गाव. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, अशी १३४० मेगावॅटची क्षमता. आजूबाजूला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी, जवळून वाहणाऱ्या कोलार आणि कन्हान नद्या. लगतच कोराडी. तिथेही औष्णिक वीज केंद्र आहे आणि त्याच्या चिमण्यांच्या शेजारीच श्री महालक्ष्मी जगदंबेचे मोठे देवस्थान. नवरात्रात तिथे अखंड ज्योती तेवतात आणि नागपूर शहर नि आसपासची गावे रांगेत उभी राहतात. ही देवी हरवली केव्हा? कुणाच्या घरातून?

कोराडीचे देवस्थान मोठे म्हणून उठून दिसते, एवढेच. त्याखाली आणखी कितीतरी आहे. विदर्भातल्या बहुतेक गावांच्या शिवेवर मातामाय असते; बहुधा झाडाखालचा एक शेंदूर फासलेला दगड. पटकीच्या साथीची मरीमाय वेगळी, अंगावर फोड आले की आठवणारी शीतला वेगळी. भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या बसतात, त्यांना आंबील आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य लागतो. त्याच महिन्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि खिरापत ओळखतात. नवरात्रात नागपूरकडच्या वस्त्यांतून जवारे पेरले जातात, देवीचे जस गायले जातात. चंद्रपूरची महाकाली चैत्रात यात्रा भरवते. तिचे मंदिर गोंड राणी हिराईने बांधले. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर आणि वणी ही साडेतीन शक्तिपीठे तर शाळकरी पोरालाही पाठ असतात. इतक्या ठिकाणी रोज पाणी घेणारी, नैवेद्य खाणारी, नवस फेडून घेणारी देवी ज्यांना ‘विस्मृतीत गेलेली’ वाटते, त्यांनी बहुधा स्वतःच्या आजीला कधी काही विचारलेले नाही.

अभ्यासाच्या पातळीवरही तेच. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी महाराष्ट्रातल्या माळावरच्या, चव्हाट्यावरच्या देवी पायी फिरून पाहिल्या आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात त्यांच्याविषयी लिहिले. रा. चिं. ढेरे यांचा ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ १९७८ चा. तारा भवाळकरांनी लोकपरंपरेतल्या देवी आणि बायांची गाणी यांवर आयुष्यभर काम केले. हे सगळे कित्येक दशके छापून पडले आहे. आज तेच शिबिराची फी घेऊन ‘गुप्त ज्ञान’ म्हणून विकले जाते.

मग हरवल्याची ही कथा आली कुठून? ती युरोपात जन्मली. स्विस न्यायशास्त्रज्ञ बाखोफेन याने १८६१ मध्ये मातृसत्तेचा सिद्धान्त मांडला. इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हज याने १९४८ मध्ये ‘द व्हाइट गॉडेस’ लिहून कुमारी, माता आणि जख्ख म्हातारी अशी तिहेरी देवी लोकप्रिय केली. मारिया गिंबुटास या पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९७४ पासून प्राचीन युरोपातल्या स्त्रीमूर्तींवरून देवीपूजक, शांत समाजाचे चित्र रंगवले. ज्या समाजातून देवी खरोखरच हद्दपार झाली होती, शेकडो वर्षे देवाला बाप म्हणूनच हाक मारली जात होती, त्या समाजातल्या बायांना ही कथा हवीहवीशी वाटली तर नवल नाही. त्यांची तहान खरी होती. पण ती कथा जशीच्या तशी उचलून मराठी बाईला ऐकवणे म्हणजे विहिरीवर बसलेल्या माणसाला पाणी शोधण्याचे शिबिर लावून देणे.

कोराडीचेच पाहावे. इथली देवी दिवसात तीन रूपे पालटते अशी श्रद्धा आहे: सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी वृद्धा. ग्रेव्हजची तिहेरी देवी इथे रोज, दिवसाढवळ्या, दर्शनाच्या रांगेत भेटते. तिच्यासाठी पुस्तक लागत नाही. स्थानिक कथा तर आणखी पुढे जाते. जाखापूरच्या झोलन राजाला सात मुलगे होते, मुलगी नव्हती. मुलगी व्हावी म्हणून त्याने आराधना केली आणि आदिशक्ती त्याच्या पोटी आली. मुलीसाठी नवस करणारा राजा! यापेक्षा ‘जागृत स्त्रीतत्त्व’ आणखी काय असते?

आणि इथेच पुनर्जागरणवाद्यांचा मुख्य दावा कोसळतो. मुलगी मागणाऱ्या राजाची कथा सांगणाऱ्या, साडेतीन शक्तिपीठांच्या या राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य, १९८८ साली. म्हणजे त्याची गरज इथेही पडली. या काळात देवळांतली गर्दी कमी झाली का? उलट वाढली. देवीची आठवण आणि मुलीचा जीव यांचे नाते पुनर्जागरणवादी समजतात तसे असते, तर ज्या राज्यात देवी इतकी हजर आहे तिथे हे आकडे चढायला हवे होते.

प्राचीन काळाकडे वळले तरी सूत्र तुटतेच. खापरखेड्याच्या ईशान्येला, रामटेकजवळच्या नगरधन परिसरात वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी होती. चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्याच्या आरंभी तिथून प्रभावतीगुप्ता राज्य पाहत होती. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी विधवा होती आणि वयात न आलेल्या मुलांच्या वतीने कारभार करत होती. तिने स्वतःच्या नावाने ताम्रपट दिले, त्यांत माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ अभिमानाने कोरवली. मराठी मुलखाच्या इतिहासात बाईने सत्ता चालवल्याचा याहून भक्कम जुना पुरावा सापडणे कठीण. आणि ही बाई भक्त कुणाची? विष्णूची. तिचा एक ताम्रपट रामगिरीच्या (रामटेकच्या) स्वामीच्या पायाशी बसून दिलेला आहे. म्हणजे जिच्या हाती खरी सत्ता होती तिला त्यासाठी देवी लागली नाही, आणि ज्यांच्या दारात मातामाय आहे त्या असंख्य बायांच्या हाती मातामायने सत्ता दिली नाही. स्त्रीमूर्ती सापडली म्हणून स्त्रीराज्य होते असे मानायचे, तर दोन हजार वर्षांनी कोराडीचे उत्खनन करणारा विद्वान एकविसाव्या शतकातल्या नागपूर जिल्ह्यात बायांचे राज्य होते असाच निष्कर्ष काढील.

दुसरा दावा स्वभावाचा. स्त्रीतत्त्व म्हणे कोमल, ग्रहणशील, पोसणारे, अंतःप्रेरणेवर चालणारे. पुरुषतत्त्व तर्काचे, कर्तृत्वाचे. ही विभागणी कुठे ऐकल्यासारखी वाटते ना? मुलीला गणित जमायचे नाही, व्यवहार पुरुषांवर सोडावा, बाईच्या जातीला इतका राग शोभत नाही, हे सांगणारे वडीलधारे याहून वेगळे काय म्हणत होते? जुनेच दावे आता उदबत्ती लावून परत केले जात आहेत. लोकांच्या देवीला मात्र हा स्वभाव ठाऊक नाही. मरीमाय पोसत नाही, गावे ओस पाडते. म्हणून तर तिची मनधरणी करावी लागते. देवीच्या हातात शस्त्र असते आणि पायाखाली रेडा.

नागपुरात तर स्त्रीरूपाची दुसरी बाजूही वाजतगाजत निघते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे बाईच्या रूपाचे पुतळे, मिरवतात आणि गावाची सगळी इडापीडा घेऊन जाण्याचे साकडे त्यांना घातले जाते. शेवटी त्यांना जाळतात. काळ्या मारबतीचे नाते लोक इंग्रजांना साथ दिलेल्या बांकाबाई भोसले यांच्याशी जोडतात. भोसल्यांचे राज्य इंग्रजांच्या घशात गेले त्याला अनेक पुरुषांचे हात लागले होते, पण जवळजवळ दीडशे वर्षे जळते आहे ती बाईची प्रतिमा. पिवळ्या मारबतीला लोक नमस्कारही करतात. पूजा आणि दहन, दोन्हींसाठी बाईचाच आकार लागतो, हे नागपूरच्या रस्त्यावर दरवर्षी दिसते. ‘स्त्रीरूप पवित्र मानले की स्त्रीचा मान वाढतो’ हे सोपे समीकरण सांगणाऱ्यांनी एकदा ही मिरवणूक पाहावी.

शरीराविषयीही तोच घोटाळा. मासिक पाळी अपवित्र मानणारी रूढी वाईटच. तिच्यावर उतारा म्हणून पाळीला पवित्र, चांद्र, दिव्य ठरवण्याची नवी टूम निघाली आहे. तेराव्या शतकात चक्रधरांनी या प्रश्नाचा निकाल याहून नेटका लावला होता. शरीरातून इतर मळ बाहेर पडतात तसाच हाही एक, त्याचा विटाळ मानू नये, अशी त्यांची भूमिका महानुभाव वाङ्मयात नोंदलेली आहे. विटाळही नको आणि दिव्यत्वही नको. बाईला महिन्यातले चार दिवस बाहेर बसवणारा आणि त्याच चार दिवसांत तिच्याकडून ब्रह्मज्ञानाची अपेक्षा करणारा, दोघेही तिला साधे माणूस म्हणून जगू देत नाहीत. चक्रधरांच्या पंथात बाया शिष्य होत्या, प्रश्न विचारत होत्या. महदाइसेने धवळे रचले आणि मराठीच्या आद्य कवयित्रींत तिची गणना झाली. प्रश्न विचारण्याची ती मुभा हे मोठे परिवर्तन होते आणि ते स्त्रीतत्त्वाचा एकही शब्द न उच्चारता घडले.

आता शिबिरांच्या गाभ्याकडे. देवी आतच आहे, ती जागी झाली की बाई बदलते. या दाव्याची परीक्षा महाराष्ट्राने शेकडो वर्षे घेतलेली आहे. अंगात देवी येणे म्हणजे दुसरे काय असते? आरती टिपेला जाते, हलगी किंवा डफ वाजू लागतो, केस सुटतात आणि एरवी घरात मान वर न करणारी सून घुमू लागते. ती सासूला एकेरीत हाक मारते. नवऱ्याला जाब विचारते. तो दारू पितो हे चार लोकांत सांगते, नारळ मागते, साडी मागते, आणि कालपर्यंत तिच्यावर हात उचलणारा तो माणूस तिच्या पायावर डोके ठेवतो. आतल्या देवीचे याहून पूर्ण जागरण कोणते शिबिर घडवून दाखवील? मग अंग निवते. केस बांधले जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे चूल तिचीच, धुणे तिचेच, आणि रात्री मारही तिलाच. देवीने जे सांगितले ते देवीचे होते, तिचे नव्हते. म्हणून तिच्या तक्रारीची नोंद कुठेच होत नाही. बाईला बोलायचे असेल तर तिने स्वतः असणे सोडावे, असा हा करार आहे. शिबिरातली वातानुकूलित आवृत्ती या कराराचे एक कलमही बदलत नाही. तिथेही बाईला आधी देवी व्हावे लागते, मगच तिचे म्हणणे मोलाचे ठरते.

शिबिरांमुळे काही बायांना बरे वाटते, हे खरे. दोन दिवस स्वयंपाकघर नाही, कुणाच्या डब्याची घाई नाही, आपल्यासारख्याच इतरजणींशी मोकळे बोलणे. एवढ्याने कुणालाही बरे वाटेल. याचे श्रेय रजेला द्यायचे की आदिमातेला?

स्त्रीभाव धारण करून स्वतःला बदलणे पुरुषांनाही अपरिचित नव्हते. अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) लहानपणीच अंध झाले. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत; मंगळसूत्र घालत, कुंकू लावत. मधुराद्वैत नावाचे दर्शन त्यांनी मांडले आणि चौतिसाव्या वर्षी देह ठेवण्यापूर्वी शंभराहून अधिक ग्रंथांची रचना केली. एका माणसाच्या आत्मिक परिवर्तनाचे हे विलक्षण उदाहरण आहे आणि त्याच्या खोलीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या काळात एक पुरुष संत मंगळसूत्र घालून पूज्य ठरत होता, त्याच काळात त्याच वऱ्हाडात नवरा गेलेल्या बाईचे मंगळसूत्र तोडले जात होते. आतला स्त्रीभाव आणि बाहेरची स्त्री यांची गाठ आपोआप पडत नाही. विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने केला तो मे २०२२ मध्ये, आणि तो ग्रामसभेच्या कागदावर केला.

बदल कुठे झाला ते पाहिले की दरवाजे, शाळा आणि कागद पुन्हा पुन्हा समोर येतात. अमरावतीच्या अंबादेवीचे दार अस्पृश्यांना बंद होते. देवी आईच होती. आईच्या लेकरांना आत जाण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या गाभाऱ्यात बायांना प्रवेश मिळाला २०११ मध्ये. खुद्द देवीच्या गाभाऱ्यात बाई नको, हा विनोद शतकानुशतके कुणाला खटकला नाही. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्न २०१६ मध्ये सुटला तो मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याकडे बोट दाखवल्यावर. यांपैकी एकही दार ध्यानाने उघडले नाही.

आणि ज्या बायांनी देवीच सोडली त्यांचे काय? नागपूरच्या जाईबाई चौधरी या पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजातल्या. नागपूर–कामठी दरम्यान त्या हमालीची ओझी वाहत. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, जातीपायी नोकरी गमावली आणि १९२२ मध्ये मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावाची शाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, डॉ. आंबेडकर उपस्थित होते. परिषदेचे ठराव होते घटस्फोटाच्या हक्काचे, बहुपत्नीत्वबंदीचे, गिरणी आणि विडी कामगार बायांच्या रजांचे, मुलींच्या वसतिगृहांचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखोंनी धर्मांतर केले तेव्हाच्या प्रतिज्ञांत गौरी-गणपती न मानण्याची प्रतिज्ञाही आहे. खापरखेडा, कामठी, कोराडी या पट्ट्यात त्यांच्या लेकी-नातींची घरे आहेत. त्या शिकल्या, शिक्षिका, परिचारिका, अभियंता झाल्या. पवित्र स्त्रीतत्त्वाशी नाते तुटले म्हणून त्यांचे परिवर्तन अपुरे राहिले, असे म्हणण्याचे धैर्य कुणात आहे?

पृथ्वी म्हणजे आई, आणि स्त्रीतत्त्व जागे झाले की निसर्ग वाचेल, हा दावा खापरखेड्यात करणे विशेष धाडसाचे आहे. इथे धरणीला आई म्हणणारेच सगळे राहतात. तिच्या पोटातून कोळसा निघतो, तो जाळून राज्याला वीज मिळते आणि उरलेली राख शेजारच्या गावांच्या वाट्याला येते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा राखेचे पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरले. नदीला माय म्हणण्यात कुणी कधी कसूर केलेली नव्हती. कसूर झाली ती बंधाऱ्याच्या देखभालीत. आणि त्या आईच्या पोटात, म्हणजे भूमिगत खाणीत, उतरायला बायांना १९५२ च्या खाण कायद्याच्या ४६ व्या कलमाने मनाई होती. ती २०१९ मध्ये काही अटींवर शिथिल झाली, तीही तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांपुरती.

देवीचे नाव घेऊन केलेला एक कार्यक्रम मात्र इथे सांगायलाच हवा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८९–९० च्या सुमारास ‘लक्ष्मी मुक्ती’ हाती घेतली. मागणी साधी होती: घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या. ज्या गावात शंभर शेतकरी बायकोच्या नावे जमीन करतील ते गाव लक्ष्मी मुक्त. शेकडो गावांनी ते केले. त्यात ध्यान नव्हते, चंद्र नव्हता, फेरफार होता. शिबिरवाल्यांना देवीचे नाव वापरायचेच असेल तर या वापरापासून शिकावे.

कारण आजही लेक जन्मली की लक्ष्मी आली म्हणतात आणि बाप गेला की त्याच लक्ष्मीपुढे हक्कसोडपत्र ठेवतात. महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा १९९४ मध्येच देण्यात आला. २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर आला. बाप तेव्हा हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरी बहिणी सह्या करतात, कारण माहेर तुटेल ही भीती असते आणि बदल्यात साडीचोळी मिळते. प्रकल्पात जमीन गेल्यावर घरटी एक नोकरी मिळते तेव्हा पुढे केले जाणारे नाव कुणाचे असते, हेही खापरखेड्यात कुणाला सांगावे लागत नाही. तेव्हा नवरात्रात आत्मशोधाच्या शिबिरासाठी पैसे भरायला निघालेल्या बाईने आधी तलाठ्याकडून सातबारा आणि ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठ काढावा, त्यावर आपले नाव आहे का पाहावे, आणि भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला तर सही करू नये.